बुढ्याच्या समाधीत चीनचा महाल

माह्या बुढ्याच्या बाजूची जागा माही हाय. हे मी आदीच सांगून ठेवते. गावात इचारलं त कोनी काही सांगन, कोनी काही.

आमच्यात मानूस मेला का जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, वरतून मीठ टाकतात, न मंग माती. बुढ्याले आमच्याच वावराच्या कोपऱ्यात बसवला, धाड गावाच्या रस्त्याले लागून, लिंबाच्या झाडाखाली. त्याच्या डाव्या अंगाले जागा सोडली. पोरानं तठी चार गोटे रोवले न मले बोलावून दाखवलं, "माय, हे तुही." मी म्हटलं, "बरं हाय. सावली हाय." दुसरं काय म्हनाव?

बुढा गवंडी होता. बुलढान्यात मास्तराचे, बाबू लोकाचे, वकिलाचे घरं बांधाले जाये. सोमवारी एष्टीनं गेला का शनवारी वापस. लोकाच्या भिंती अशा सरळ उचले का ओळंब्याची गोटी सोडली त गोटीले बी चूक सापडू नये. न आमचं घर? कपाशीच्या पऱ्हाट्याचं कुड. वरतून शेनाचा हात. कुडाले पाठ टेकता येत नाही. एकदा टेकली का काडी घुसते, दुसऱ्यांदा टेकली का कुडच पलीकडं पडते. म्हनून मी जिंदगीभर सरळ बसली. लोक म्हनत, या बाईचा कना कसा ताठ हाय. कना नाही बाप्पा, भिंत नवती.

एका उन्हाळ्यात वावधन सुटलं न वरचे पत्रे उडाले. एक पत्रा शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन बसला. बराबर बसला, जसा कोनी मापानं ठोकला. शेजारी म्हने, देवानं देल्ला. मंग आम्ही बैलबंडीखाली निजो. माहं तिसरं लेकरू त्या बंडीखालीच झालं. जगलं नाही. दुसऱ्या हप्त्यात मी निंदाले गेली, काऊन का निंदन थांबत नाही.

दर दिवाळीले बुढा अंगनात उकिडवा बसे न काडीनं जमिनीवर घर काढे. "हे पाय, हा दरवाजा. ही ओसरी. हे देवघर. अठी पाहुने बसतीन."

मी म्हनो, "चूल कठी हाय?"

"चुलीचं मागून पाहू."

एका साली त्यानं खरंच पायवा खोदला, गोटे बी भरले. मले वाटलं, चला, लागलं नशीब. मंग बुलढान्याचं काम आलं, तो गेला. पायव्यात बकऱ्या बांधल्या. पान्यात पायवा भरला न गावचे बदकं तठी पोहाले येत. काही साल गेले, मंग बुढ्यानंच त्यातले गोटे काढले न विहिरीवरच्या मोटेच्या थारोळ्याले लावले. म्हने, फालतू पडून राह्यले होते.

पुढं पोरानं सिमेटाचं घर बांधलं, पन त्याच्यावर सिलॅप पडाच्या आदीच बुढा गेला. त्याले बसवलं तवा त्याची मान कलून राह्यली होती. आजूबाजूनं इटा लावून त्याले सरळ केला. गवंड्याले इटाचाच आधार.

आता म्हनसान, सिमेटाचं घर झालं, मंग तू टेकत असशीन. नाही. सुनेनं भिंतीले गुलाबी रंग देला हाय, महागाचा. मी टेकली का सैपाकघरातून तिचा आवाज येते, "आत्याबाई! डोक्याचं तेल लागते भिंतीले!" सून वाईट नाही. तोंड तेवढं मिरचीचं हाय. मंग मी आपली सरळ. आता सवयच झाली.

त आता महालाचं सांगते. माही नात संभाजीनगरले घराचे नकाशे काढाच्या कालेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली ते मोठमोठे कागदं घेऊन. ओसरीत पसरले न उडू नये म्हनून चार कोपऱ्याले माह्या टोपल्यातले आलू ठेवले. पाहाले गेली त काय! लाल खांब, छपरावर छप्पर, छपराचे कोपरे वर उचललेले, जशा बाईनं चिखलातून जाताना निऱ्या धराव. मोठमोठे दरवाजे, दरवाज्याच्या बाजूले बुरूज, शिपाई, घोडे, मानसाच्या हातावर ससाने.

"हे कोनाचं घर वं?"

"चीनच्या राजपुत्राचं हाय आजी. महाल."

"कोन राह्यते तठी?"

"कोनीच नाही. हा खरा महाल नाही. हा त्याच्या कबरीतल्या भिंतीवर काढेल हाय. आतमंदी."

"कबरीत पाहाले कोन जाते?"

"कोनी नाही. मेलेल्यासाठीच काढला."

मंग तिनं मले सबन समजावून सांगतलं. हजार सालाच्या वरची गोष्ट हाय म्हने. जमिनीत खाली उतरत जानारी लांबच लांब वाट. दोन्ही बाजूच्या भिंतीवर पह्यले वेस, मंग बुरूज, मंग शिपाई उभे, मंग खांब, चौक, न एकदम शेवटी तो बसलेला. बसलेला नाही, निजलेला. म्हनजे मेलेल्याले वाटाव का आपन आपल्या महालातच हाय. न गंमत अशी का खरे महाल लाकडाचे होते, ते जळले, सडले, एक बी राह्यला नाही. आता मोठे मोठे लोक या कबरीतले चित्रं पाहून सांगतात का महाल असा असे. घर गेलं न घराचं चित्र राह्यलं.

मी इचारलं, "कायनं मेला पोरगा?"

नात गालात हासली. "त्याच्या आजीनं मारला."

"कोनाच्या आजीनं?"

"त्याच्याच. आजी रानी होती. पोरगा तिच्या मागं काही वाईट बोलला म्हने. मंग तिच्यानंतर पोराचा बाप राजा झाला, तवा त्यानं हे एवढं मोठं काम केलं."

मी म्हटलं, "पाहून ठेव. तू बी जरा सांभाळून बोलत जा."

सैपाकघरात सून एवढी हासली का तिची पोळी करपली.

मी ते कागदं लय वेळ पाह्यले. एक एक चौक पाह्यला. मंग म्हटलं, "काय वं, चूल कठी हाय?"

नात बी पाहाले लागली. हा कागद उचल, तो कागद उचल, आलू गडगडत गेले. "चूल नाही काढली वाटते, आजी."

"मंग बुढ्यासारख्याच कोन्या मानसानं काढलं असन."

त्या दिवशी वांग्याले पानी देता देता माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली होती. तो पोरगा जिता असताना महालात राह्यला न मेल्यावर बी त्याले महाल भेटला. माह्या बुढ्याले जितेपनी त भेटला नाही. मंग मेल्यावर तरी काऊन नाही? जेवताना मी पोराले म्हटलं, "तुह्या बापाच्या समाधीभोवती तीन भिंती घाल न वरतून सिलॅप टाक. आतून महाल काढाचा हाय. चीनचा."

पोराच्या हातातला घास थांबला. "माय, लोक हासतीन."

"हासू दे. तुह्या बापानं जिंदगीभर दुसऱ्याचे घरं बांधले न सोता कुडात राह्यला, तवा कोनी हासलं का? हासाचं होतं त तवाच हासाचं."

नात म्हने, "बाबा, करा ना. इटा पडूनच हाय मागं."

अशी खोली झाली. मागून भिंत, दोन्ही बाजूले भिंती, रस्त्याकडून उघडी. बुढ्याची जागा न माही जागा, दोन्ही सिलॅपाखाली. पोरगा कबूल झाल्यावर चांगलं काम करते, ते मी म्हनन. गिलावा वाळल्यावर नातीची सुट्टी सरली. जाताना तिनं धाडच्या पेंटरच्या मोबाईलात फोटो टाकून देल्ले न सांगतलं, "काका, जसं हाय तसंच काढा."

पेंटर म्हने, "बेटा, मी तीस साल झाले काढून राह्यलो."

तठीच आमचं चुकलं. हा पेंटर दुकानाच्या पाट्या काढे, यात्रेच्या कमानी काढे, देवळाच्या भिंती रंगवे, न इलेक्शन आलं का मानसाचे तोंडं. त्यानं जिंदगीत कबर काही रंगवली नवती. मी वांग्यात, तो भिंतीपाशी. तठूनच बोंबले, "आजी, हे छप्पर बोडकं दिसून राह्यलं!"

"मंग?"

"कळस लागन!"

मी म्हटलं, "लाव बाप्पा." मले काय मालूम? कळस लावला त त्याले झेंडा लागतेच. झेंडा बी काढला. चित्रात वेशीपाशी एका अंगाले वाघ होता न दुसऱ्या अंगाले चार पायाचा साप. वाघ त्यानं झ्याक काढला, देवीचा काढून काढून हात बसला होता. पन पायवाला साप काही त्याले पटला नाही. म्हने, "असा साप नसते आजी, चीनवाल्याची चूक झाली." न सरळ फना काढलेला नाग काढून मोकळा झाला.

शिपायाचं त इचारूच नका. मागच्या इलेक्शनात एका उमेदवाराचं तोंड त्यानं एवढ्या भिंतीवर काढलं होतं का त्याच्या हाताले दुसरं तोंड येईच ना. सबन शिपायाले तेच तोंड, तीच मिशी. न सबनचे हात जोडेल. चीनच्या राजाचे शिपाई वेशीवर उभे राहून मतं मागून राह्यले. तो उमेदवार पडला होता. अठी आमच्या वावरात निवडून आला.

शेवटी वेशीच्या वर त्यानं मोठ्या अक्षरात काहीतरी लिव्हलं. मी दुसरीतून शाळा सोडली, जोडाक्षरं सुरू व्हाच्या आदी. सुनेले इचारलं, "काय लिव्हलं वं?"

सुनेनं वाचलं न पदर तोंडाले लावला. "सुस्वागतम लिव्हलं आत्याबाई."

मी पेंटरले म्हटलं, "अरे बावा, हे मसनवटं हाय. अठी कोनाचं स्वागत करून राह्यला तू?"

तो म्हने, "कमान हाय नं आजी. कमानीवर सुस्वागतम नसलं का लोकाले वाटते पेंटरले लिव्हता येत नाही."

आता तुम्हीच सांगा. कळस, झेंडा, वाघ, नाग, वरतून सुस्वागतम, न रस्त्याकडून उघडं. लोकाची काय चूक?

धाडच्या बजाराच्या दिवशी उंद्री गावाकडची एक जीप आमच्या वावरापाशी पंचर झाली. डायवर चाक काढून राह्यला होता, बाया खाली उतरल्या. त्यातल्या एकीनं चप्पल काढली न समाधीपुढं हात जोडले. तिचा जावई रुसून कुठंसा निघून गेलता. तिनं त्याच्यासाठी नवस बोलून घेतला. न काय सांगू, त्याच दिवशी जावई घरी येऊन ताटावर बसला. भूक लागली असन, दुसरं काय? पन दुसऱ्या बजाराले ती नारळ घेऊन हाजर, न संगं जीपभर बाया.

माह्या बुढ्यानं जावई वापस आनला! सोताच्या जावयासंगं त्याचं कधी दोन शब्द धड झाले नाही.

मी वांग्यात वाकेल. त्याहिले वाटलं मजुरीन हाय. एक म्हने, "मावशी, हे बाबा कोन होते?"

"गवंडी होते."

तिनं दुसरीकडं पाह्यलं न मान डोलावली, जसं त्यात लय मोठं ग्यान हाय. "तपश्चर्या कठी केली बाबानं?"

"बुलढान्याले. एष्टीनं जात, शनवारी वापस येत."

"बोलत होते का?"

"लय नाही. मजुरी उशिरा भेटली का बोले."

"बाबाले काय चालते मावशी?"

"तंबाखू. चुना जरा कमी."

पुढच्या बजाराले समाधीवर तंबाखूच्या पुड्याची रांग लागली. नारळाच्या करवंट्या पायात याले लागल्या. माह्या वांग्यातून पायवाट पडली, न जानारी प्रत्येक बाई परसाद म्हनून दोन वांगे तोडून ने. मी म्हनो, "बाई, ते परसाद नाही, ते भरताचे हाय." ती म्हने, "बाबाची किरपा हाय मावशी," न तिसरं तोडे.

इथपर्यंत मले हासूच येत होतं. मंग एका दिवशी सरपंच आला. संगं गावातले चार बुजुर्ग. पोरानं खुर्च्या मांडल्या. आजकाल पोराचं बी बरं चाललं होतं. लगनात त्याले समोरच्या रांगेत बसवत, "महाराजाचे चिरंजीव" म्हनत. कालपर्यंत लोक त्याले "ए वांगेवाला" म्हनत होते.

सरपंच म्हने, "आजी, लोकाची सोय कराले पाह्यजे. भायेर पत्र्याचा मंडप टाकू. आतमंदी काँक्रीट करून फरशी बसवू. न बाबाच्या बाजूची जी रिकामी जागा हाय नं, तठी संगमरवरी पादुका ठेवू."

मी म्हटलं, "रिकामी नाही ते. माही हाय."

"अहो, तुम्ही त अजून धडधाकट हाय आजी!"

"हाव. पन कायमची थोडीच राहीन?"

एक बुजुर्ग लय मायेनं बोलला, "तुमच्यासाठी आपन बांधाकडं चांगली जागा पाहू. मोकळी हवा हाय तठी."

"मले हवेचं काय करनं हाय तवा?"

मंग मी पोराकडं पाह्यलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राह्यला होता. म्हने, "माय, लोकाची शरधा हाय. आता बाबा एकटा तुहा नाही राह्यला."

मी तशीच उठली न वांगे तोडाले गेली. पन सांगते, पत्रे उडाले तवा मी रडली नाही, न लेकरू गेलं तवा बी लोकाइच्या देखत रडली नाही. त्या दिवशी वांग्याच्या काट्यानं बोट फुटलं म्हनून डोळ्यातून पानी आलं, असं मी सुनेले सांगतलं. जिंदगीभर मी त्याच्या घराची वाट पाह्यली. चित्रातलं का व्हयना, घर झालं. न घर झाल्याबराबर मलेच भायेर काढून राह्यले.

सुनेकडून नातीले फोन लावला. म्हटलं, "काय वं, त्या चीनच्या पोराच्या बाजूले कोनी हाय का? का एकटाच निजेल हाय?"

"हाय ना आजी. त्याचं लगन झालं नवतं. त बापानं एक मेलेली पोरगी पाह्यली न तिच्यासंगं त्याचं लगन लावून तिले बाजूले ठेवली. एकटा राहू नये म्हनून."

"दोघंबी मेलेले?"

"दोघंबी."

पाहा आता! तठी बायको नवती त पाहून आनून देली. न अठी हाय, संसार करेल हाय, त तिले बांधावर पाठवून राह्यले. फोन ठेवला तवा माहं ठरलं होतं.

काँक्रीटच्या दिवशी सकाळीच रेती, गिट्टी, सिमेट येऊन पडलं. मिक्सर गडगड कराले लागलं. त्याच दिवशी बजार होता, बायाच्या जीपी बी आल्या. मी आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली, सुपात मेथीच्या जुड्या घेतल्या न चालत चालत गेली माह्या जाग्यावर. चार गोट्याच्या मधात मांडी घालून बसली. जशी बसवतात तशी. न मेथी निवडाले लागली.

मिक्सरवाला घमेलं घेऊन आला न थबकला. "आजी, उठता का? अठी माल टाकाचा हाय."

"टाक."

"तुमच्या अंगावर?"

"आमच्यात अशीच बसवतात. मीठ तेवढं राह्यलं. सुनेले सांग, आनन."

तो पयत सरपंचाकडं गेला. सरपंच आला. "आजी, हे काय लावलं? उठा नं. माल जमून राह्यला!"

"जमू दे. मी बी जमूनच राह्यली."

"अहो, लोक पाहून राह्यले!"

"मी कठी लपेल हाय?"

त्यानं पोराले हाक मारली, "अरे, उचल बे तुह्या मायले!"

पोरगा जवळ आला. हात पुढं केले. मी मेथीवरची नजर काढली नाही. म्हटलं, "ये. तुह्या बापाले बसवला तवा त्याची मान कलून राह्यली होती. इटा लावपर्यंत तू हातानं धरून राह्यला होता. तशीच धर माही बी."

पोराचे हात तसेच राह्यले हवेत. मंग खाली आले. तो तठीच उकिडवा बसला न, काय कराव म्हनून, एक जुडी घेऊन निवडाले लागला. पूर्‍या जिंदगीत त्यानं कधी मेथी निवडली नवती. काड्या ठेवे न पानं फेके.

तेवढ्यात सून आली, हातात चहाचा कप. साऱ्या मानसाइतून वाट काढत आली न मले म्हने, "आत्याबाई, चहा घेता का? का मेलेल्याले चालत नाही? नसन चालत त मी पिते." न सरपंचाकडं फिरली. "तुम्ही असं करा भाऊ, तुमच्या मायले बांधावर बसवा न पादुका तिच्या जाग्यावर ठेवा. मोकळी हवा हाय म्हने तठी."

माह्या तोंडातून कधी निघालं नाही, आज सांगते. मिरचीचं तोंड घरात असाव.

पन खरी पंचाईत पुढंच झाली. जीपीच्या बायाहिले वाटलं का मावशीच्या अंगात आलं. एकीनं पुढं येऊन मले कुकू लावलं. दुसरीनं मेथीच्या सुपात नारळ ठेवला. उंद्रीची जावईवाली पाया पडली न म्हने, "माय, बाबाले सांगा, जावई पुन्हा रुसला."

आता देवी व्हाची पाळी माही. मी सूप खाली ठेवलं.

"बाई, आयक. हा बाबा नाही. हा माहा नवरा हाय. चाळीस-पन्नास साल यानं मले सांगतलं का यंदा घर बांधतो. पायवा खोदला न त्यात बकऱ्या बांधल्या. पाव्हनं आलं का मी कुडाभायेर बसो. हा कोनाले पावनारा असता त पह्यले मले घर देता. हे चित्र बी मीच काढाले लावलं, ते बी चीनचं, न त्यात बी चूल नाही."

मंग एक बुढी, मागं उभी होती, ती हासली. "चूल नाही?"

"नाही. घोडे हाय, ससाने हाय. चूल नाही."

ती पदर तोंडाले लावून हासाले लागली, मंग दुसरी, मंग सबन. जावईवालीनं सुपातला नारळ वापस उचलला. म्हने, "असा एक त माह्या घरीच हाय. त्याच्यासाठी मी जीपचं भाडं काऊन देऊ?" न चालली बजाराले.

जीपी गेल्या. सरपंच मिक्सरकडं पाहे, मिक्सरवाला सरपंचाकडं. माल पक्का व्हाले आलता. कुठंतरी टाकनं भाग होतं. त वावरापुढं रस्त्याले एक खड्डा होता, लय सालाचा, त्यात म्हशी बसत. त्यात टाकला. पक्का बुजला. एष्टी आता तठून सरळ जाते. बुढ्याचा तेवढा एक चमत्कार मी बी मानते.

मंग पेंटरले पुन्हा बोलावला. कळस पूस म्हटलं, झेंडा पूस, सुस्वागतम पूस. त्याचं तोंड उतरलं. "कमान मुकी होईन, आजी."

"होऊ दे. कोनी येऊ नाही राह्यलं आता. मी तेवढी येनार हाय, न मले वाट मालूम हाय."

शिपायाचं काही करता येत नवतं, ते राह्यले तसेच हात जोडून. नाग बी राह्यला. नातीनं फोटो पाह्यला न फोनवर एवढी हासली का मले वाटलं लाईन कटली. मास्तरले दाखवते म्हने. मी म्हटलं, दाखव, पन मास्तरले सांग का चीनवाल्याहिनं जे सोडलं ते आम्ही भरून काढलं. काऊन का माह्या अंगाच्या भिंतीवर, लाल खांबाच्या मधात, मी पेंटरले चूल काढाले लावली होती. दोन तोंडाची, वरतून धूर, बाजूले काटक्या. पेंटर म्हने, "महालात चूल, आजी?" मी म्हटलं, "काढ मुकाट्यानं. दुसऱ्या तोंडावर पानी बी ठेव."

त्यानं काढली न रंगाचे डबे आवराले लागला. मी माह्या चार गोट्याच्या मधात जाऊन बसली. मांडी घातली. मंग हळूच मागं झाली. पह्यले जरासी, मंग पुरी. पाठ भिंतीले टेकली. गार होती भिंत. काडी घुसली नाही, न कोनी बोंबललं बी नाही.

पेंटरनं वळून पाह्यलं न हातातला ब्रश पाडला. "अहो आजी! रंग ओला हाय! पुरी चूल तुमच्या पाठीले लागली!"

"लागू दे," मी म्हटलं. "वाळन मंग. मले घाई नाही."